लोकरीखाली हात घाला

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही घरात पाच माणसं. आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. घरामागे दोन एकर कुरण आहे, बरंचसं नुसतं पडून. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात मुलांनी अल्पाका, म्हणजे ते उंटाच्या कुळातले दाट लोकरीचे प्राणी, पाहिले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. खरं सांगायचं तर भुरळ मलाही पडली आहे. एका पैदासकाराशी बोलणं झालं. तो म्हणतो, दोन गाभण माद्या आणि एक पैदाशीचा नर एकदमच घ्या. तीन वर्षांत कळप तिप्पट, मग पिल्लं विकूनच खर्च वसूल. शिवाय आई गेलेलं एक नर पिल्लू तो जवळजवळ फुकट देतोय. मुलांनी बाटलीनं दूध पाजलं की छान माणसाळेल, म्हणतो. आमचे हे म्हणतात, घेऊन टाकू. सासूबाई म्हणतात, आधी कुणाला तरी विचार. आम्हाला जनावरांचा अनुभव शून्य, कधी कुत्राही पाळलेला नाही. सुरुवात कशी करावी?

— एक वाचक, आणि तिच्या सासूबाई

उत्तर

सासूबाईंना आधी माझा नमस्कार सांगा. वेळेवर अडवलं त्यांनी.

आता तुम्हाला. गाभण माद्या नकोत, पैदाशीचा नर नको आणि ते बाटलीवरचं पिल्लू तर अजिबात नको. तीन खच्ची केलेले नर घ्या. वय साधारण दोन ते सहा वर्षं, तिघेही एकाच कळपात वाढलेले, म्होरकी घालून चालायची सवय असलेले. एक पूर्ण वर्ष, म्हणजे चारी ऋतू आणि एक लोकरकातरणी, त्यांच्याबरोबर काढा. पैदाशीचं त्यानंतर बोलू.

तीनच का? अल्पाका एकटा राहूच शकत नाही. एकट्या अल्पाकाचं खाणं सुटतं, तो कुंपणाशी येरझारा घालतो, खंगतो. दोन चालतात, पण त्यातला एक आजारी पडून दवाखान्यात गेला की मागे एकटा उरतोच. आणि खच्ची नर एवढ्यासाठी की त्यांच्या मागे बाळंतपणं नाहीत, मारामाऱ्या फारशा नाहीत. शिकताना चूक झालीच, आणि ती होणारच, तर एका जिवाशी होते, दोन जिवांशी नाही.

आमची चूक कशी झाली ते सांगते. चौदा वर्षं झाली त्याला.

पहिल्या वर्षी आमच्याकडे चार होते. त्यातला बदाम सगळ्यांत देखणा. गडद तपकिरी, गुबगुबीत, हिवाळ्यात तर चालता लोड वाटायचा. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'हा बरा खातोय!' आम्हीही खूश. उन्हाळ्याच्या तोंडावर कातरणीवाला आला. पुढचे दोन आणि मागचे दोन पाय दोरांनी लांबवून बदामला कुशीवर झोपवला, मशीन पोटापासून पाठीकडे फिरवायला घेतलं. लोकरीचा पहिला पट्टा उलटला आणि त्यानं मशीन बंद केलं. काही बोलला नाही. माझा हात धरला आणि बदामच्या पाठीवर ठेवला. कणा फूटपट्टीच्या कडेसारखा हाताला लागला. दोन्ही बाजूंना मांस नव्हतंच, खड्डे होते. मग त्यानं बदामच्या डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवली. आतून गुलाबी हवी, ती धुतलेल्या कागदासारखी पांढरी होती.

पोटात रक्त पिणारे जंत. डॉक्टर आले, औषध झालं, सलाईन झालं. चौथ्या दिवशी बदाम गेला.

नंतर कातरणीवाल्यानंच मला त्या लोकरीतली एक बट काढून दिली. म्हणाला, दोन्ही टोकं चिमटीत धरा, कानाजवळ न्या आणि झटका द्या. निरोगी लोकर तारेसारखी टणत्कार करते. ही चरचरली आणि एका जागी तुटली, कातडीकडच्या टोकापासून दोनेक सेंटिमीटरवर. वर्षाला साधारण दहा सेंटिमीटर वाढ धरली तर अडीच महिन्यांपूर्वीची जागा. म्हणजे ज्या दिवसांत लोक 'बरा खातोय' म्हणत होते, त्याच दिवसांत तो आतून वाळत होता, आणि लोकरीनं त्याची तारीख लिहून ठेवली होती. ती पिशवी अजून माझ्याकडे आहे. कातली नाही.

हा प्राणी दुखणं लपवतो. अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर सहा-सात हजार वर्षांपूर्वी विकुन्या नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसानं त्याला माणसाळवलं, पण त्याच्या अंगातलं भित्रं रानपण गेलेलं नाही. कळपात जो लंगडतो तो आधी शिकार होतो, हे त्याला उपजत ठाऊक असतं. त्यामुळे तो उभा राहतो, चारा तोंडात धरतो, मान वर ठेवतो. कोसळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. त्यात वरून एवढी दाट लोकर. नुसतं बघून काही कळत नाही. हातानंच कळतं.

तेव्हा पहिल्या दिवसापासून ही सवय लावा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या पाठीवर, खांद्याच्या जरा मागे, लोकर बाजूला सारून कण्यावर आडवा पंजा ठेवायचा. अंगठा एकीकडे, बोटं दुसरीकडे. कौलारू छपरासारखा सरळ उतार लागला तर उत्तम. उतार आत खोलगट गेला तर जनावर वाळतंय. कणा सापडतच नाही, पाठ पाटासारखी सपाट लागते, तर ते माजलंय, म्हणजे फाजील लठ्ठ झालंय. तेही चांगलं नाही. बरोबर खालची पापणी बघायची. दोन्ही वहीत लिहायचं, तारखेसह. जमलं तर महिन्याला वजन. मोठा अल्पाका पन्नास ते ऐंशी किलोंच्या आसपास भरतो, पण तो आकडा महत्त्वाचा नाही. मागच्या महिन्यापेक्षा तीन-चार किलो कमी का, एवढंच विचारायचं.

जंतांचं औषध कॅलेंडर बघून देऊ नका. बदामनंतर घाबरून आम्ही दर दोन महिन्यांनी देत सुटलो होतो, आणि त्यानं झालं काय, तर जंतच औषधाला सरावले. लेंड्यांची तपासणी करून घ्या, अंडी किती निघतात ते बघा आणि मग डॉक्टर सांगतील तेच आणि तेवढंच औषध. मेंढ्यांचं माप यांना जसंच्या तसं लागू पडत नाही. म्हणूनच जनावरं घरी यायच्या आधी दोन माणसं गाठून ठेवा: या जातीचा हात असलेला डॉक्टर आणि कातरणीवाला. हे दोघे मिळत नसतील तर अल्पाका घेऊच नका. परदेशातून आणायचे असतील तर परवानगी, रोगतपासणी, विलगीकरण हे सगळं आधी विचारून घ्या, विसार दिल्यावर नाही.

आता त्या पैदासकाराचा हिशेब. मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. जुळं फार म्हणजे फार विरळा. दोन माद्या, तीन वर्षं, सगळं सुरळीत झालं तरी सहा पिल्लं. त्यातली निम्मी नर धरा, आणि पैदाशीला ठेवण्याजोगा नर दहांत एखादाच. राहिल्या तीन माद्या. त्या वर्ष-दीड वर्षाच्या होऊन पुरेशा वजनाला आल्याशिवाय फळवता येत नाहीत. म्हणजे कागदावरचा कळप तिप्पट होतो तो कुठलंही पिल्लू मेलं नाही आणि एकही विकलं नाही तर! मग पैसे सुटतात कशातून? अमेरिकेत १९८४ पासून अल्पाकांची मोठी आयात सुरू झाली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं हाच खेळ चालला. माद्या घ्यायच्या त्या माद्या विकण्यासाठी, लोकर कुणी मोजायचं नाही. २००८ च्या मंदीनंतर नवे घेणारे आटले आणि भाव गडगडले. ज्यांना मुळात प्राणी आवडत होते त्यांच्याकडे निदान प्राणी राहिले.

एक प्रश्न त्याला माझ्यातर्फे विचारा: तुमची या वर्षीची लोकर कुठे गेली? कातून विकली, गिरणीला दिली, की गोण्यांत पडून आहे? उत्तर देताना तो कुठे बघतो ते बघा.

आणि ते पिल्लू. स्पॅनिशमध्ये अल्पाकाच्या पिल्लाला 'क्रिया' म्हणतात. मराठीत हा शब्द कानावर पडला की भलतंच काहीतरी डोळ्यांसमोर येतं, म्हणून मी आपलं पिल्लूच म्हणते. बाटलीवर एकटं वाढलेलं, सतत कुरवाळलेलं नर पिल्लू माणसालाच आपल्या जातीचं समजू लागतं. लहानपणी तुमच्या मुलीच्या मागे मागे फिरेल, फोटो गोड येतील. पण दोन-तीन वर्षांनी वयात आलं की नर दुसऱ्या नराशी जे करतो तेच ते तिच्याशी करेल: छातीनं धडक देणं, पाडणं, चावणं. त्या वयात नरांना सुळ्यांसारखे लढाऊ दातही येतात. खच्ची केल्यानं हे बिनसलेलं वागणं हमखास सुटतं असंही नाही. आईविना पिल्लू जगवावं लागतंच कधी कधी, पण ते कळपात ठेवून, दूध पाजलं की पाठ फिरवून, लाड न करता. हे काम मुरलेल्या माणसाचं. पैदासकाराला हे माहीत नसेल तर तो अडाणी आहे, आणि माहीत असूनही देत असेल तर त्याच्याकडून तुम्ही मांजरही घेऊ नका.

जागेचं सोपं आहे. दोन एकर तिघांना भरपूर. पण सगळं एकदम मोकळं सोडू नका. तीन-चार तुकडे करा, एक चरून झाला की त्याला विश्रांती द्या. जंतांनाही त्यानं आळा बसतो. कुंपणाला काटेरी तार नको, लोकर आणि मान दोन्ही अडकतात. जाळीचं, पाच फुटांपर्यंतचं घाला. हे कुंपण अल्पाका बाहेर जाऊ नयेत यापेक्षा कुत्री आत येऊ नयेत म्हणून. मोकाट कुत्र्यांनी एका रात्रीत कळप फाडल्याचं मी पाहिलेलं आहे. आणि एका कोपऱ्यात लहानसा कोंडवाडा करा, चार जनावरं जेमतेम मावतील एवढाच. हा माझा हट्ट समजा. नवखी माणसं अल्पाकाच्या मागे कुरणभर पळतात, आम्हीही पळालो आहोत. अल्पाका पळून पकडायचा नसतो. दोघांनी दोर ताणून धरायचा, सावकाश पावलं टाकत सगळा कळप कोंडवाड्यात न्यायचा, मग हवा त्याच्या मानेखालून हात घालून शांत उभं राहायचं.

म्होरकी घालताना नाकाचं हाड चाचपा. नाकपट्टी वर, डोळ्यांच्या अगदी जवळ, हाडावर बसली पाहिजे. खाली घसरून नाकाच्या मऊ भागावर आली तर श्वास कोंडतो, कारण हा प्राणी जवळजवळ नाकानंच श्वास घेतो. तो उड्या मारायला लागतो आणि लोक म्हणतात, खोडकर आहे. काम झालं की म्होरकी काढून ठेवायची.

खाण्याचा मुख्य भाग साधं गवत आणि वाळलेली वैरण. दिवसाला अंगाच्या वजनाच्या दीड-दोन टक्के कोरडा चारा पुरतो. लसूणघासासारखा कसदार चारा रोज घातला तर खच्ची नर माजतात. एक गोष्ट मात्र लाल शाईनं लिहून दाराला लावा: गुरांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य यांना द्यायचं नाही. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गुराला ते मानवतं, अल्पाकाचा जीव घेतं. कण्हेर, अझेलिया असली झुडपं कुंपणालगत असतील तर आधी उपटा.

थंडीचं यांना फारसं काही वाटत नाही. उकाडा, तोही दमट, हा खरा शत्रू. जुने लोक एक आडाखा वापरतात: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता यांची बेरीज करायची. दीडशेच्या वर गेली की सांभाळा, एकशेऐंशी म्हणजे धोका. तीस अंश सेल्सिअस म्हणजे शहाऐंशी फॅरनहाइट. आर्द्रता सत्तर टक्के असली की झाले एकशे छप्पन्न. अशा दिवशी सावली, पंखा, गार पाणी, आणि जनावराला हातही लावायचा नाही. धापा टाकत असेल तर पाणी पोटाखाली आणि मांड्यांच्या आत मारा, तिथे लोकर विरळ असते. पाठीवर कधीच नाही. भिजलेली लोकर ओल्या घोंगडीसारखी उष्णता आतच कोंडते. तुमच्याकडची हवा वर्षातले कित्येक महिने अशीच असेल, तर हा नाद सोडा. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण सोडा.

नखं दोन-तीन महिन्यांनी कापावी लागतात. तळपाय मऊ गादीसारखे असतात, पुढे दोन नखं. हे काम तुमच्या यजमानांना द्या, घेऊन टाकू म्हणणाऱ्यानं निदान पाय तरी धरावेत.

मुलाकडे वही. कण्याचा उतार, पापणी, वजन त्यानं लिहायचं. मुलीकडे पाणी. तिला हेही सांगा की अल्पाकाला मिठी मारायची नाही, डोक्यावर हात फिरवायचा नाही. त्याला ते आवडत नाही, सोसतो इतकंच. हात मानेच्या बुंध्याशी ठेवायचा.

आणि सासूबाईंना सगळ्यांत मोठं काम. अल्पाका सगळे मिळून एकाच ठिकाणी लेंड्या टाकतात, कुरणभर घाण करत नाहीत. सकाळी त्या ढिगापासून पंधरा-वीस पावलांवर खुर्ची टाकून बसायला सांगा. कोण आलं, कोण आलं नाही, कोण नुसतंच कुंथत उभं राहिलं, लेंडी सुटी पडली की पातळ, कोण कळपापासून लांब बसलंय, कोण रवंथ करत नाहीये. आमच्याकडे हे काम माझ्या आईकडे होतं. आठ वर्षांत तिनं तीन दुखणी डॉक्टरांच्या आधी ओळखली. लेंड्या वाया घालवू नका. कुजवायची वाट न बघता झाडांच्या बुंध्याशी टाकता येतात.

वर्षभरानं पुन्हा लिहा. पहिल्या कातरणीत एकेकाची दोन-तीन किलो लोकर निघेल. विकायच्या आधी त्यातली मूठभर घरात ठेवा. यात मेंढीच्या लोकरीसारखी चरबी नसते, त्यामुळे न धुतादेखील हाताला चिकट लागत नाही.

प्रश्न

माझ्याकडे सहा शेळ्या आहेत. त्यांच्यात एक अल्पाका सोडला तर राखणही होईल आणि त्याला सोबतही होईल ना?

उत्तर

राखणीचं कौतुक जरा जास्तच झालं आहे. एखाददुसरा कोल्हा हुसकावेल, पण कुत्र्यांच्या टोळीपुढे तो स्वतःच भक्ष्य. सोबतीचं म्हणाल तर शेळी ही अल्पाकाची भाषा नव्हे. तो सारखा 'हूं हूं' करत गुणगुणत राहील आणि उत्तर द्यायला कुणी नसेल. शिवाय जंत दोघांचे एकच. शेळ्यांच्या क्षारमिश्रणात तांबं जास्त असतं, ते अल्पाकाला बाधतं. एक घेऊ नका. तीन घेतलेत तर वेगळं कुरण द्या.

प्रश्न

(पहिल्या पत्राला टाचणी लावून जोडलेली चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली.)

आई म्हणाली हे विचारू नकोस. ते थुंकतात का? अंगावर?

उत्तर

थुंकतात. बहुतेक वेळा एकमेकांवर, घमेल्यातल्या खाण्यावरून भांडताना. गाभण मादी नराला हाकलतानाही थुंकते, आणि त्यावरूनच ती गाभण असल्याचा अंदाज बांधतात. तुझ्या अंगावर उडालं तर ते बहुधा तू दोघांच्या मधे उभा होतास म्हणून. आधी खूण मिळते: कान मागे, हनुवटी वर, घशात गुडगुड. तेवढ्यात बाजूला हो. पहिल्यांदा नुसती हवा आणि थोडं गवत येतं. खरा राग आला तर पोटातून हिरवं येतं, आणि त्याचा वास दोनदा आंघोळ केली तरी जात नाही. पण गंमत पुढेच आहे. ती चव त्यालाही सहन होत नाही. थुंकून झालं की बराच वेळ खालचा ओठ लोंबकळत, तोंड अर्धवट उघडं ठेवून तो उभा असतो, आणि समोर खाणं असलं तरी त्याला तोंड लावत नाही.